तुमचा पट्टा कवा पडतो?

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, ग्रामसभा



गावाचं नाव मी इथे छापत नाही. पुढे तुमच्या लेकरांविषयी बरंच लिहायचं आहे, आणि त्यातलं कुठलं लेकरू कुणाचं हे परक्या माणसाला कळायचं कारण नाही. ग्रामसेवकांकडे जी प्रत दिली आहे तिच्यावर नाव, तारीख, सही सगळं आहे. बाकीच्यांना एवढं पुरे की जामखेड आणि पाटोद्याच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात, जिथे ज्वारी टपोरी होते आणि पाणी उन्हाळ्याआधीच तळाला जातं, तिथल्या अनेक गावांपैकी हे एक.

एक विनंती आधीच करते. हे पत्र २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचू नका. त्या दिवशी सभेला यायला हवीत ती निम्मी माणसं सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ऊसतोडीच्या फडांत असतील, काही कर्नाटकात असतील. १ मेच्या सभेत वाचा. तोवर घरांची कुलपं निघालेली असतील. ज्यांच्या मागे आम्ही त्यांच्या गावात दहा दिवस राहिलो, त्यांच्यासमोर आमचा हिशेब मांडला गेला पाहिजे.

आम्ही म्हणजे बावीस विद्यार्थी आणि मी. नगर आणि पुण्यात शिकणारी, वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या तरुण संघांतली मुलंमुली. त्यातल्या चौघी नर्सिंगच्या. नाताळ घरी करून आम्ही २७ डिसेंबरला आलो आणि ५ जानेवारीला निघालो. आमच्यात याला सेवाशिबिर म्हणतात. पत्र उघडं लिहिण्याचं कारण इतकंच की अशी शिबिरं नेणारी माझ्यासारखी आणखी पुष्कळ माणसं आहेत. त्यांनीही हे वाचावं.

निघायच्या दिवसापासूनच सांगते. सकाळची एसटी शाळेसमोर उभी राहिली तेव्हा आमची मुलं रडत होती. दहा दिवस ज्यांच्या हातच्या भाकरी खाल्ल्या त्या आज्यांच्या गळ्यात पडून सगळी एकच म्हणत होती, "येतो आजी, परत येतो." निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तो शब्द तोंडातून सहज सुटतो आणि त्याचं वजन कुणी करत नाही. तुमच्यातल्या एका आजींनी केलं. पदर कमरेला खोचून त्या एसटीच्या पायरीशी उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. मी नीट पाहिलं, गावातली एकही बाई रडत नव्हती, एकही लेकरू रडत नव्हतं. आजींनी माझ्या एका विद्यार्थ्याचं मनगट धरलं आणि विचारलं, "येतो म्हन्तुस, पर कवा? आमचं मानूस येतो म्हन्लं तर पट्टा पडल्यावर येतंय. तुमचा पट्टा कवा पडतो?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मला कळला, आणि उत्तर देता आलं नाही. एसटी सुटली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. कारखान्याचं गाळप थांबतं, हंगाम संपतो, त्याला पट्टा पडला म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेला कोयता गावातून निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं, मोजताना एक हत्यार. मार्च-एप्रिलपर्यंत ही जोडी कोपीत राहते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, वाहन येईल त्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. वयात येणारी मुलगी मागे ठेवायची भीती वाटते, म्हणून तिला बरोबर नेतात आणि तिची शाळा तिथेच थांबते.

हे सगळं मी वर्गात शिकवत आले आहे. तरी पहिल्या संध्याकाळी वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेलो तेव्हा पायांना कळलं. ओळीनं कुलपं. एका दाराच्या कडीला नुसतीच सुतळी गुंडाळलेली होती, कारण आत नेण्यासारखं काही नव्हतं. गावात आमची, म्हणजे ख्रिस्ती, तीन घरं आहेत हे आम्हाला निघण्यापूर्वी सांगितलेलं होतं, आणि मुलांच्या मनात होतं की पहिली भेट तिथे द्यायची. तीनपैकी दोन घरांना कुलूप होतं. तिसऱ्यात एक आजोबा होते. त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलात का?"

दहा दिवसांत रोज जो निरोप तुमच्या अंगणात शिळा होऊन पडलेला होता, त्याच्यापुढे आमच्या रडण्याची किंमत किती, हे मला एसटीत बसल्यावर समजलं. तुमच्या लेकरांनी भाऊबीजेनंतर आईबापाला निरोप दिला आहे. सहा महिन्यांचा. दरवर्षी देतात. त्यांनी दहा दिवसांच्या पाहुण्यांसाठी रडावं कशाला? पण त्यांनी एक गोष्ट आमच्याकडून मागितली, आणि ती रास्त होती. जे लेकरू वाट बघूनच वाढतं त्याला तारीख लागते.

आता चुकीबद्दल. ती मी ग्रामसभेपुढे कबूल करायला हवी.

तिसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या बाहेरच्या भिंती रंगवायला घेतल्या. रंगवायचं हे पुण्यात बसून ठरलं होतं, रंगाचे डबे तिथूनच आणले होते. गुरुजींनी 'बरं' म्हटलं, कारण डबे घेऊन दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला नको कसं म्हणायचं. मागच्या भिंतीवर, हातपंपाच्या बाजूला, कोळशाच्या रेघा होत्या. लहान मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर, सारख्या अंतराने, दर सातवी जरा लांब. आमच्या मुलांना त्या पोरांच्या रेघोट्या वाटल्या. भिंत घासून, पुसून, निम्मीअधिक पिवळी करून झाली, तेव्हा मधली सुट्टी झाली आणि चौथीतली एक मुलगी पाणी प्यायला आली. ती ओरडली नाही. भिंतीपुढे उभी राहिली, रेघा होत्या तिथे ओल्या रंगावर बोट टेकवत मोजायला लागली आणि मध्येच थांबली. "आता माझं चुकलं," एवढंच म्हणाली.

आईबाप निघाल्यापासून ती रोज एक रेघ काढत होती. यंदा दिवाळी लवकर आली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला, तेव्हापासून. लांब रेघ रविवारची, कारण रविवारी आईचा फोन यायचा.

ज्याच्या हातात ब्रश होता तो मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एवढा पांढराफटक पडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्याने गुरुजींकडून कॅलेंडर आणलं, तिच्या शेजारी मातीत बसला, दोघांनी मिळून दिवस मोजले. सदुसष्ट. "रंग वाळला की मी काढून देतो," तो म्हणाला. "तू नको, मीच काढते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीची अख्खी मधली सुट्टी तिने त्यात घालवली. ती मागची भिंत आम्ही पुढे रंगवली नाही. तुम्हाला ती अर्धी पिवळी दिसेल, त्याचं कारण हे. मुलीची माफी आम्ही तेव्हाच मागितली. गावाची आज मागते. न विचारता चांगलं करायला गेलो आणि एका लेकराच्या आईची वाट पुसली.

लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवतो, तो भाग मी निघण्यापूर्वी मुलांना वाचून दाखवला होता. तो त्यांना थैली नेऊ देत नाही, झोळी नेऊ देत नाही. ज्या घरी उतराल तिथे राहा, पुढ्यात येईल ते खा, घरं बदलत फिरू नका, असं सांगतो. म्हणजे त्याने त्यांना पाहुणे म्हणून पाठवलं. देणारे म्हणून नव्हे. रिकाम्या हातांनी, दुसऱ्याच्या भाकरीवर. आम्ही तो अध्याय वाचला, प्रार्थना केली, आणि टेम्पोत सामान भरलं.

पहिल्याच रात्री तुमच्यातल्या एका गृहस्थांनी सर्वांसमोर विचारलं होतं, "बाई, तुम्ही लोकांना बाटवायला आलात का?" बाकीचे चपापले. मला लागलं, हे खोटं कशाला सांगू. माझे आजोबा याच जिल्ह्यात मिशनच्या शाळेचे मास्तर होते. त्यांची हयात खेड्यातल्या पोरांना पाढे शिकवण्यात गेली, आणि त्यांनाही हा प्रश्न शेवटपर्यंत ऐकावा लागला. पण प्रश्न विचारायचा हक्क गावाचा आहे. तेव्हा जे उत्तर दिलं तेच लिहून देते. आम्ही ख्रिस्ती आहोत आणि ख्रिस्तामुळेच आलो. सकाळ-संध्याकाळ शाळेच्या ओसरीत आमची प्रार्थना होईल. ज्याला बसावंसं वाटेल त्याने बसावं, नाही त्याने नाही. कुणाच्या औषधाला, वहीला, घासाला आम्ही प्रार्थनेची अट घालणार नाही. अट घातलेलं प्रेम आम्हाला आमच्या देवाकडून मिळालेलं नाही. त्या गृहस्थांचं समाधान झालं का, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या बोअरचं पाणी पाइप टाकून आमच्या टाकीत सोडलेलं होतं.

नगर जिल्ह्यात आमची मुळं जुनी आहेत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित शिक्षिका १८२७ साली मुंबईत उतरली, पुढे नगरला आली, मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ साली नगरातच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची मुलींची शाळा पाहिली होती, आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढताना ते पाहणं त्यांच्या मनात होतं. नगरला आली ती शेवटपर्यंत इथलीच होऊन राहिली. तिचं नाव मी मुलांपुढे मोठेपणाने सांगत असे. आता सांगताना माझा आवाज जरा खाली येईल.

आणि जामखेड तर तुमच्या बाजारचं गाव. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे आले. दोघं वेलोरला शिकलेले, ख्रिस्ती, दवाखाना हाताशी असलेले. लोकांशी बोलल्यावर त्यांना कळलं की माणसांना आधी पाणी आणि अन्न हवं आहे. मग १९७२चा दुष्काळ आला. त्यांनी आधी पाण्याचं पाहिलं. त्यानंतर गावोगावच्या बायका निवडल्या, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, आणि त्यांना बाळंतपण, लसीकरण, जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी शिकवलं. डॉक्टर गावात आला आणि गेला तरी चालेल, कारण जाणती बाई गावातच राहते. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर आशाताई आल्या, त्यामागे ज्या थोड्या ठिकाणांचा धडा होता त्यात जामखेडचं नाव घ्यावंच लागतं. तुमच्या आज्यांपैकी कुणीतरी आरोळ्यांच्या दवाखान्यात बाळंत झालेलीही असेल. इतक्या जवळ उदाहरण असताना आम्ही रंगाचे डबे आणले.

आमच्या चार नर्सिंगच्या मुलींनी म्हाताऱ्या माणसांचे रक्तदाब मोजले. अकरा जणांचे आकडे वाईट निघाले. मुलींनी चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि त्यांना वाटलं काम झालं. संध्याकाळी तुमच्या आशाताई आल्या. त्यांनी त्या चिठ्ठ्या गोळा केल्या, आपल्या वहीत उतरवल्या आणि शांतपणे विचारलं, "गोळी रोज घेतात का ते सहा तारखेला कोण बघणार?" आम्ही पाच तारखेला निघणार होतो. दुसऱ्या दिवसापासून चौघी मुली आशाताईंच्या मागे फिरल्या, त्या सांगतील ते केलं. माझ्या मते त्यांचं शिबिर तेव्हा सुरू झालं.

त्यातच एक गोष्ट घडली. एका आजींनी आम्हाला प्रार्थना करायला सांगितली. त्यांची लेक सातव्या महिन्यात होती आणि फडावर होती. आजी हिंदू, पण त्यांनी साधं सांगितलं, "तुमच्या देवाला बी सांगा." आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून प्रार्थना केली. मग आजींनीच फोन लावला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पलीकडून लेकीचा आवाज आला, मागे ट्रकचं इंजिन चालू होतं, कुणीतरी मोळी फेकताना हाक देत होतं. ती म्हणाली, "आये, गाडी भरतीय, मागनं लावते." एवढंच. बावीसच्या बावीस मुलं अंधारात तशीच बसून राहिली. त्यांनी तोपर्यंत कितीदा 'कष्टकऱ्यांसाठी' प्रार्थना केली असेल. त्या रात्री पहिल्यांदा त्यांना प्रार्थनेच्या मागचा आवाज ऐकू आला.

आशाताईंनी विचारलं, पोरीचं माता-बाल संरक्षण कार्ड कुठंय? ते इथेच, पत्र्याच्या पेटीत राहिलं होतं. कार्ड नसलं की परक्या गावच्या दवाखान्यात पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं, आणि रोज बुडवून गेलेल्या बाईला तेवढा वेळ नसतो. मुलींनी कार्डाच्या प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढला आणि तिच्या नवऱ्याच्या फोनवर पाठवला. मग घरोघरी जाऊन विचारलं. आणखी चार घरांत अशी कार्डं पेट्यांत, मडक्यांत, देवाच्या फोटोमागे सापडली. तीही गेली. दहा दिवसांतलं आमचं सर्वांत उपयोगी काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि ते सुचलं तुमच्या आशाताईंना.

फोटोंवरून आठवलं. निघायच्या आदल्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, "माझा फोटो तू कुणाला दाखवणार?" विद्यार्थिनी म्हणाली, आमच्या मंडळीत दाखवेन, ते तुमच्यासाठी प्रार्थना करतील. मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग माझे केस विंचरलेले काढ." त्यावर आम्ही सगळे रात्री दोन तास बोललो. शिबिराचा अहवाल द्यायचा असतो, देणगी देणाऱ्यांना फोटो लागतात, आणि त्यांत न विंचरलेले केस असलेलं लेकरूच जास्त चालतं. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि गप्प बसले आहे. यंदा आम्ही ठरवलं की लेकरांचा एकही फोटो अहवालात जाणार नाही. मुलांनी आपापल्या फोनमधून ते काढून टाकले. केस विंचरून काढलेला तो एक फोटो छापून तिच्या घरी पाठवला आहे. तो तिचा आहे.

आनंदाचंही लिहायला हवं, नाहीतर पत्र खोटं होईल. ३१ डिसेंबरच्या रात्री आमची वर्षाच्या अखेरची उपासना असते. ओसरीत सतरंजी टाकून बसलो होतो, इतक्यात तुमचं भजनी मंडळ पखवाज घेऊन आलं. मंडळ म्हणजे चार म्हातारे. टाळ धरणारे तरुण हात फडावर. आमच्या मुलांनी टाळ घेतले. तुम्ही तुकोबांचे अभंग म्हटलेत, आम्ही नारायण वामन टिळकांची पदं म्हटली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. पखवाज वाजवणाऱ्या बाबांना दोन कडव्यांतच चाल सापडली. "ही तर आपलीच हाय," म्हणाले. बारा वाजले कधी ते कळलं नाही. आमच्यातले काहीजण शहरात वाढलेले, गिटारवर इंग्रजी गीतं म्हणणारे. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी असलेलं गाणं त्यांनी तुमच्या गावात नीट ऐकलं. ते घेऊन आम्ही परत आलो आहोत.

आणि ओटी. निघायच्या सकाळी तुम्ही बायकांनी आमच्या मुलींच्या ओट्या भरल्यात. ज्वारी, खोबऱ्याची वाटी, वर हुरड्याची पुडी. एक मुलगी हळद-कुंकवापाशी अडखळली. तिच्या घरी ते लावत नाहीत. तिला 'नको' म्हणता येईना आणि 'लावा' म्हणता येईना. समोरच्या काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, कुंकवाची कोयरी मागे सरकवली, आणि पाच मुठी ज्वारी पदरात घातली. "ज्वारीला धर्म नस्तो," म्हणाल्या. ती ज्वारी त्या मुलीच्या आईने दळून आणली आणि रविवारी मंडळीत सर्वांना त्या भाकरीचा तुकडा वाटला. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

१९१० साली एडिनबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली होती. तिथे दक्षिण भारतातला एक तरुण पाळक, व्ही. एस. अझरिया, उभा राहिला. पाश्चात्त्य मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्याने कृतज्ञता व्यक्त केली आणि मग स्पष्ट सांगितलं की आम्हाला तुमच्या दानापेक्षा तुमची मैत्री हवी आहे. पुढे १९१२ साली तो अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप झाला. हे भाषण मी मुलांना नेहमी गोऱ्यांच्या चुकीवर बोट ठेवणारं म्हणून शिकवत आले. तो शब्द आम्हालाही, म्हणजे तालुक्याच्या गावाहून, शहरातून येणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसांनाही लागू आहे, हे मला तुमच्या एसटीच्या पायरीशी कळलं. मित्र तारीख सांगतो.

एसटीत जामखेडपर्यंत कुणी बोललं नाही. तिथे उतरून चहा घेताना ज्याचं मनगट आजींनी धरलं होतं त्याने मला विचारलं, "मॅडम, पट्टा म्हणजे काय?" मी सांगितलं. स्टँडवरच्या त्या टपरीपाशी उभं राहूनच आम्ही ठरवलं, आणि नगरला पोचायच्या आधी गुरुजींना फोन केला. ते इथे लिहून देते.

आम्ही १ मेला येऊ. बावीस येणार नाहीत. काहींच्या परीक्षा आहेत, काहींना नोकरीसाठी जायचं आहे. त्यांनी तुम्हाला 'येतो' म्हटलं ते परत घेतो, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतः लिहिलेल्या चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत. ज्यांनी यायचं कबूल केलंय ते सात आहेत, आठवी मी. बॅनर आणणार नाही, वाटपाचं सामान आणणार नाही. ग्रामसभेत मागे बसू. सभेने आमच्यापुरता एक विषय घ्यावा अशी विनंती आहे: पुढच्या हंगामात, म्हणजे तुमची माणसं फडावर असतील तेव्हा, आम्ही यावं का, आणि यायचं तर कशासाठी. आशाताईंचं म्हणणं आहे की कोयते निघण्यापूर्वीच, दसऱ्याच्या आधी, गरोदर बायकांची कार्डं आणि कागद तपासून बरोबर द्यायला हवेत. गुरुजींचं म्हणणं आहे की मागे राहिलेल्या लेकरांना हंगामी वसतिगृहात रात्री जेवण मिळतं, पण जेवणानंतर अभ्यासाला बसवणारं कुणी नसतं, आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार कुणी आलं तरी चालेल, पण तो न चुकता यायला हवा. आम्हाला दोन्ही पटलंय, पण ठरवायचं तुम्ही. जे परत आलेले असतील त्या आईबापांनी ठरवावं, कारण लेकरं त्यांची आहेत. सभेने नको म्हटलं तर चहा पिऊन आम्ही परत जाऊ, आणि त्या दिवशी 'येतो' म्हणणार नाही.

अंध आजोबांना निरोप सांगावा की त्यांच्या सुनेचा फोन लागला होता, ती ठीक आहे.

आजींच्या लेकीला दिवस भरले की आशाताईंनी आम्हाला कळवावं, एवढं मागणं आहे.

आणि ज्यांनी विचारलं त्या आजींना हे सांगावं: आमचा पट्टा १ मेला पडतो.

काल गुरुजींचा फोन आला. मागच्या भिंतीवरच्या ओळीखाली, पिवळ्या रंगावरच, दुसरी ओळ सुरू झाली आहे म्हणाले. मी विचारलं, कुणाची? म्हणाले, तुमची. सहा रेघा झाल्या आहेत.

सकाळच्या एसटीने येऊ. डबा आणणार नाही.

आपली,
शिबिराबरोबर आलेल्या बाई
१२ जानेवारी, नगर